ढीग नको, थप्पी लावा

आमची इमारत पाडून नवी बांधायचे ठरले आणि महिनाभरात जागा रिकामी करून द्यावी असे सोसायटीचे पत्र आले, तेव्हा नारायण पेठेतल्या या अडीच खोल्यांमध्ये चाळीस वर्षांत किती कागद साठला आहे याचा मला पहिल्यांदा अंदाज आला. माळ्यावरची मासिके, पलंगाखालच्या पेटीतले जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, भिंतीतल्या कपाटातले दिवाळी अंक, हे सगळे बाहेरच्या खोलीत आणून टाकता टाकता तिन्हीसांजेपर्यंत कमरेइतका डोंगर झाला आणि त्याचा वरचा भाग थोड्या थोड्या वेळाने घसरून दाराकडे येऊ लागला. भाव ठरवायला आलेला रद्दीवाला उंबऱ्यातच थांबला. "काका, असा ढीग नका घालू," तो म्हणाला. "थप्पी लावून ठेवा. मी रविवारी गाडी घेऊन येतो. थप्पी असली की बांधता येते, आणि किती आहे ते तुम्हालाही दिसतं."

मी एकतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले, आणि त्या एकतीस वर्षांत हीप म्हणजे ढीग, पाइल म्हणजे ढीग आणि स्टॅक म्हणजेही ढीग, असेच फळ्यावर लिहून दिले. परीक्षेत या तिघांमधला फरक कोणी विचारत नसे, आणि विचारला असता तर मलाही दोन वाक्यांपुढे सांगता आला नसता. वास्तविक तो फरक रद्दीवाल्याने सांगितला तोच आहे. हीप हा टाकून झालेला ढीग असतो आणि त्याला जो आकार येतो तो वस्तू घसरून घसरून आलेला असतो. पाइल एकावर एक ठेवून होतो, म्हणजे त्याला थोडा तरी हात लागलेला असतो. स्टॅक मात्र कडेला कड जुळवून लावावा लागतो, आणि त्यातल्या वस्तू बहुधा एकाच मापाच्या असतात. इंग्रजी बोलणारे लोक रोजच्या बोलण्यात हे भेद सैल सोडतात हे खरे, तरीही धुवायच्या कपड्यांचा स्टॅक आणि इस्त्रीच्या कपड्यांचा हीप असे त्यांच्यातले कोणी सहसा म्हणणार नाही.

हे कळण्यासाठी इंग्रजीपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. समूहदर्शक शब्दांची ती यादी आपण सगळ्यांनी प्राथमिक शाळेतच घोकलेली आहे: कलिंगडांचा ढीग, धान्याची रास, पोत्यांची थप्पी, भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत, मडक्यांची उतरंड. त्या वेळी ती नुसती जोड्या लावण्याची कसरत वाटे. आता वाटते की नामांपेक्षा त्यांच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांकडे पाहायला हवे होते. ढीग पडतो, रास घालतात, थप्पी लावतात, गंजी रचतात आणि उतरंड मांडतात. माणसाचा हात किती लागला आहे हे क्रियापदच सांगून टाकते. त्यातही कडब्याची गंजी रचणे हे कसबाचे काम, कारण माथ्याला नीट उतार ठेवला नाही तर पहिल्याच वळवाचे पाणी आतपर्यंत मुरते आणि वर्षभराची वैरण काळी पडते. इंग्रजीतला स्टॅक मुळात ही गंजीच आहे. जुन्या नॉर्स भाषेत ‘स्टाक्र’ म्हणजे गवताची गंजी, आणि ताटांचे, पुस्तकांचे, नोटांचे स्टॅक पुढे त्या गवतावरून आले.

हीपचा प्रवास उलट्या दिशेने झाला. जुन्या इंग्रजीत हा शब्द माणसांच्या जमावालाही, सैनिकांच्या तुकडीलाही वापरत, आणि जर्मनमधला ‘हाउफेन’ व डचमधला ‘होप’ ही त्याची भावंडे. सोळाव्या शतकात तटाला खिंडार पडले की सर्वांच्या आधी आत घुसणाऱ्या, परत येण्याची फारशी शक्यता नसलेल्या तुकडीला डच लोक ‘व्हर्लोरेन होप’ म्हणत. अर्थ इतकाच, की गमावलेली तुकडी. इंग्रजांनी तो शब्द कानाने उचलला आणि त्याचे ‘फॉर्लोर्न होप’ केले, आणि कानाला होप ऐकू आल्यामुळे पुढच्या पिढ्यांनी त्यात आशा शोधली. मीही वर्गात ‘फोल ठरणारी आशा’ असा अर्थ ठणकावून सांगितला आहे. त्या शब्दात आशा कधी नव्हतीच. होता तो माणसांचा ढीग, आणि लढाई संपल्यावर तो खिंडारात कसा दिसत असेल याची कल्पना केली की दोन्ही अर्थ एकमेकांपासून फार लांब राहत नाहीत.

पाइल या शब्दाने मात्र पुणेकराला आधी भलतेच आठवते, कारण या शहरातल्या विजेच्या खांबांवर ‘पाइल्स, भगंदर, ऑपरेशनशिवाय’ अशी पत्रके वर्षानुवर्षे चिकटलेली आहेत. ‘अ पाइल ऑफ बुक्स’ असे मी म्हटले की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकायची. ती मुले चुकत नव्हती, त्यांच्या मनातला पाइल वेगळा होता एवढेच. ढिगाचा पाइल लॅटिनमधल्या ‘पीला’ म्हणजे खांब या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला आणि मूळव्याधीचा पाइल ‘पिला’ म्हणजे चेंडू या शब्दापासून, म्हणजे ऱ्हस्वदीर्घाची चूक कुठल्या कुठे नेऊन ठेवते हे मराठी शिक्षकांनी सांगण्यासारखे उदाहरण आहे. गालिच्याच्या लवेचा पाइल केसाला असलेल्या लॅटिन शब्दाचा वंशज आहे. शेजारच्या प्लॉटवर गेले तीन महिने सकाळी आठपासून धडधडणारे पायलिंगचे यंत्र जे खांब जमिनीत उतरवते त्यांचे नाव रोमन सैनिकाच्या ‘पीलुम’ या भाल्यावरून आले आहे, आणि दुपारच्या झोपेच्या वेळी ते मला पटतेही.

मुलगी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. शनिवारी ती मदतीला आली आणि थप्प्या लावता लावता म्हणाली, "बाबा, आमच्याकडे स्टॅक आणि हीप दोन्ही असतात." चालू असलेला प्रोग्रॅम आपल्या तात्पुरत्या गोष्टी स्टॅकमध्ये ठेवतो आणि सर्वांत शेवटी ठेवलेली गोष्ट सर्वांत आधी उचलतो, जी गोष्ट किती मोठी होईल आणि किती काळ लागेल हे आधी ठाऊक नसते, ती हीपमध्ये जिथे जागा मिळेल तिथे जाते, आणि काढून टाकायची राहिली तर कोणाच्या कामाची नसतानाही जागा अडवून बसते. "म्हणजे यांचा माळा," आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून निकाल दिला. मला मात्र उतरंड आठवली. आईच्या माहेरी मावळात सर्वांत मोठे मडके तळाला आणि मग लहान लहान होत जाणारी मडकी, अशी छताला टेकणारी उतरंड होती. बियाण्याचे मडके तळाला असे, आणि ते हवे असेल तर वरची सगळी एकेक करून उतरवावी लागत आणि उतरवलेल्या क्रमाच्या बरोबर उलट क्रमाने परत चढवावी लागत. हेच तत्त्व १९५७ साली क्लाउस झामेल्झोन आणि फ्रीडरिख बाउअर या जर्मन संशोधकांनी संगणकासाठी मांडले आणि त्याला ‘केलर’ म्हणजे तळघर असे नाव दिले. तळघरापेक्षा उतरंड हे नाव कितीतरी नेमके झाले असते, असे माझे मत आहे. पण म्युनिकमध्ये त्यांना ते सांगणार कोण?

थप्पी लावणे हे विद्वत्तेच्या आड येणारे काम आहे असे मला तरुणपणी वाटत असे. नंतर डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृत महाकोशाच्या चिठ्ठ्यांची खोली पाहिली आणि मत बदलले. १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी सुरू केलेल्या त्या कामासाठी सुमारे दीड हजार संस्कृत ग्रंथ वेचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, आणि त्या अक्षरानुक्रमे खणांमध्ये उभ्या आहेत म्हणूनच त्या चिठ्ठ्यांना कोश म्हणता येते. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची सुरुवात याच्या उलट, अगदी माझ्या बाहेरच्या खोलीसारखी झाली. १८७९ साली जेम्स मरी यांनी संपादकपद घेतले तेव्हा आधीच्या मंडळींनी जमवलेल्या सुमारे दोन टन चिठ्ठ्या पोत्यांतून त्यांच्याकडे आल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर होता, तर दुसऱ्यात एक जिवंत उंदरीण पिलांसह नांदत होती. मरी यांनी अंगणात पत्र्याची खोली बांधली, तिच्यात १,०२९ खण करून घेतले आणि आधी थप्पी लावली. शब्दांचे अर्थ त्यानंतर.

आता ज्या शब्दासाठी हे सगळे लिहायला बसलो त्या लॉटकडे येतो. ‘अ लॉट ऑफ’ हा शब्दप्रयोग माझ्या विद्यार्थ्यांनी निबंधांत इतका वापरला की लाल शाईने त्याखाली रेघ मारून मारून माझे बोट दुखायचे. त्या बिचाऱ्या शब्दाला स्वतःचे काही म्हणणे असेल असे मला कधी वाटले नाही. गेल्या महिन्यात शनिवार पेठेतल्या एका कार्यालयात सोसायटीची सभा झाली, तिथे ते उमगले. नव्या इमारतीत गाड्या लावायच्या जागा कोणाला कोणती द्यायची यावरून दोन तास वाद झाला, आणि शेवटी अशा प्रसंगी आपल्याकडे जे होते तेच झाले. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबातल्या सात वर्षांच्या मुलीला पुढे बोलावले आणि तिच्या हातून एकेक चिठ्ठी काढवली. पाण्याच्या पंपाशेजारची, खांबाला चिकटलेली चौदा नंबरची जागा माझ्या वाट्याला आली. माझ्याकडे गाडी नाही, पण ते अलाहिदा.

तो डबा म्हणजे लॉट या शब्दाचा सगळा इतिहास होता. जुन्या इंग्रजीत ‘ल्हॉट’सारख्या उच्चाराच्या या शब्दाचा अर्थ चिठ्ठीच होता, फक्त ती कागदाची नसून खूण केलेला लाकडाचा तुकडा असे, असे तुकडे भांड्यात हलवून एकेक बाहेर काढीत आणि ज्याचा तुकडा निघे त्याला तो हिस्सा मिळे. मग त्या हिश्शालाच लॉट म्हणू लागले. हिस्सा नशिबाने मिळतो म्हणून नशिबालाही लॉट म्हणू लागले. अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांनी जमिनीचे तुकडे असेच चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले, म्हणून जमिनीचा तुकडा लॉट झाला, आणि तिथूनच पार्किंग लॉट आला. लिलावात एका बोलीला जेवढा माल विकायला काढतात तोही लॉट. आमच्या मार्केट यार्डात कांद्याचा ‘लॉट’ म्हणतात तो हाच. आणि एकोणिसाव्या शतकात या मालाच्या गठ्ठ्यावरून ‘लॉट्स ऑफ’ म्हणजे पुष्कळ असा अर्थ रूढ झाला, ज्याच्यावर मी लाल शाई सांडली. वाटून देण्याचे अलॉटमेंट आणि म्हाडाची लॉटरी याच घराण्यातली.

घरी येताना माझ्या लक्षात आले की ‘वाट्याला आली’ असे मी सभेत म्हणालो होतो. मराठीतल्या वाट्यानेही जवळजवळ हाच रस्ता चालला आहे. वाटा म्हणजे हिस्सा, वाट्याला येणे म्हणजे नशिबी येणे, आणि मंडईच्या बाहेर गोणपाटावर बसलेल्या बायका मिरच्यांचे, लिंबांचे, आल्याचे जे लहान लहान ढीग करून ठेवतात, तेही वाटेच. कोळणीकडेही सुकटीचा वाटा असतो. चिठ्ठीपासून मालाच्या ढिगापर्यंत दोन्ही शब्द एकमेकांच्या सावलीसारखे चालतात आणि तिथून फुटतात. इंग्रजी लॉट फुगत फुगत ‘पुष्कळ’ झाला, मराठी वाटा मात्र पाच लिंबांचाच राहिला. याचे कारण मला असे दिसते की तो वाटा अजून आपल्या डोळ्यांसमोर आहे. ज्या ढिगातली लिंबे मोजून घेता येतात त्या ढिगाचे नाव ‘खूप’ या अर्थाने वापरायला जीभ धजत नाही. लॉट पोटभर फुगला तो त्यातला लाकडाचा तुकडा विसरला गेल्यावर.

या विचाराला दुजोरा मला वडिलांकडून मिळाला, म्हणजे त्यांच्या आठवणीतून. ते भवानी पेठेतल्या एका भुसार आडतीवर दिवाणजी होते आणि मी शाळा सुटल्यावर डबा घेऊन तिथे जात असे. ज्वारीची पोती फोडून फरशीवर रास घातली की मापाडी तिच्यासमोर उकिडवा बसे. दशमान वजने १९५८ पासून आली होती आणि आडतीवर काटाही होता, तरी गावाकडून आलेले शेतकरी पायलीच्याच हिशेबात बोलत. चार शेरांची पायली, आणि वीस मणांची खंडी. मापाडी पहिले माप भरून ओतताना ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे, आणि मग दोन, तीन असे पुढे जाई. माप भरताना काठाच्या वर धान्याचा जो निमुळता शंकू उभा राहतो ती शीग. ती हाताने छाटायची की राहू द्यायची यावर घेणारा आणि देणारा यांच्यात रोज तेच भांडण होई. ‘उत्सुकता शिगेला पोचली’ असे वर्तमानपत्रांत आजही दररोज छापून येते. ती उत्सुकता ज्वारीच्या मापावर चढते हे लिहिणाऱ्याच्या गावीही नसते. ‘खंडीभर कामं पडलीत’ असे माझी मुलगी म्हणते. तिने खंडी पाहिलेली नाही, पायलीही नाही. जे लॉटचे झाले ते खंडीचेही झाले आहे, आणि वाट्याचे व्हायचे राहिले आहे.

खंडीने तर इंग्रजीतही बस्तान बसवले. कापसाचा व्यापार करणाऱ्या इंग्रजांनी तिला ‘कँडी’ केले, आणि आपल्याकडचे कापसाचे भाव इंग्रजी वर्तमानपत्रांत अजूनही कँडीला इतके रुपये असेच येतात. ही कँडी साधारण ३५६ किलोंची धरतात. गोळ्याचॉकलेटांची कँडी वेगळ्या वाटेने, संस्कृतातल्या खंड म्हणजे साखरेचा खडा या शब्दावरून फारसी आणि अरबीतून गेली. आणि तिसरे कँडी म्हणजे मेजर टॉमस कँडी, मोल्सवर्थसाहेबांबरोबर १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश करणारे आणि मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते. खंडी या शब्दाचा अर्थ इंग्रजीत लिहिताना स्वतःचेच नाव कागदावर उमटलेले पाहून ते गालात हसले असतील का, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

वीसवरून आणखी एक. खेड्यातली जुनी माणसे साठाला ‘तीन विसा’ म्हणत. इंग्रजीतला ‘स्कोअर’ म्हणजेही वीस, आणि मुळात तो काठीवर पाडलेली खाच. वीस मेंढरे मोजून झाली की एक खाच, असा तो हिशेब असावा असे मानतात. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात अशा खाचा पाडलेल्या काठ्यांवर १८२६ पर्यंत हिशेब ठेवले जात होते. ती पद्धत बंद झाल्यावर काठ्यांचा ढीग पडून राहिला, आणि १८३४ च्या ऑक्टोबरात तो हाउस ऑफ लॉर्ड्सच्या इमारतीतल्या भट्ट्यांमध्ये घालून जाळायचे ठरले. भट्ट्या तापल्या, संध्याकाळी भिंतीतून आग वर चढली आणि रात्रभरात पार्लमेंटची जवळजवळ सगळी इमारत जळून गेली. रद्दी वेळच्या वेळी द्यावी, हे मी सौभाग्यवतींना ही गोष्ट न सांगताच मान्य केले.

रास या शब्दाने मात्र आपल्याकडे जी उंची गाठली ती इंग्रजीतल्या कोणत्याही ढिगाला गाठता आलेली नाही. खळ्यावरची रास आणि पत्रिकेतली रास एकच. आकाशातला ताऱ्यांचा पुंजका हाही एक ढीगच. पण त्याहून मला विज्ञानाच्या पुस्तकातली सदिश राशी आणि अदिश राशी आवडते, कारण तिथे ढिगातला ढीगपणा निघून जाऊन नुसते ‘किती’ उरते. भास्कराचार्य ११५० च्या सुमारास लीलावतीत उदाहरण घालतात आणि शेवटी विचारतात, ‘को राशिः’, तो राशी कोणता. म्हणजे आपण ज्याला आज क्ष म्हणतो त्याला ते ढीग म्हणतात. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ऱ्हाइंड पपायरसमध्येही अज्ञात संख्येला ‘अहा’ असा शब्द आहे आणि जुन्या भाषांतरकारांनी त्याचे इंग्रजी हीप असेच केले. ‘एक ढीग आणि त्याचा सातवा हिस्सा मिळून १९ होतात, तर ढीग केवढा?’ असे ते गणित आहे. उत्तर सोळा पूर्णांक पाच अष्टमांश. नाईलकाठच्या कारकुनाला आणि सह्याद्रीतल्या गणितज्ञाला, एकमेकांचा पत्ता नसताना, जे माहीत नाही त्याला ढीग म्हणावेसे वाटले. माझ्या बाहेरच्या खोलीकडे पाहिल्यावर मला त्यात काही विलक्षण वाटत नाही.

बाकीच्या इंग्रजी शब्दांना एवढा वेळ देण्याची गरज नाही. ‘प्लेथोरा’ हा संपादकीयांचा लाडका शब्द ग्रीक वैद्यांचा आहे आणि त्याचा अर्थ अंगात रक्त जास्त होणे. त्यावर फस्त खोलून रक्त काढणे हा उपाय होता, आणि त्या संपादकीयांनाही तो लागू पडेल. ‘मिरिअड’ म्हणजे ग्रीक दहा हजार, आपल्या संस्कृतातले अयुत. टोळधाडीसारख्या जमावाचा ‘होर्ड’ तुर्की छावणीच्या ‘ओर्दू’वरून आला, आणि उर्दू भाषेचे नावही त्याच छावणीतले. ‘गलोर’ हा मला त्यातल्या त्यात गोड वाटतो. आयरिश भाषेत ‘गो लोर’ म्हणजे पुरेसे. पुरेसे हेच भरपूर असे वाटणाऱ्या माणसांकडून तो आला असावा, असे मी स्वतःपुरते मानतो. आपल्या पंगतीत ‘पुरे, पुरे’ म्हणून हात आडवा केला की वाढपी आणखी एक जिलबी टाकतो, त्यातही हाच गोंधळ आहे. आणि हीप या शब्दाने इंग्रजीत शिव्याही घालता येतात आणि स्तुतीही करता येते. मराठीत देवाला लाखभर बेल किंवा फुले वाहण्याची लाखोली होती. आता बोलण्यात शिव्यांचीच लाखोली तेवढी उरली आहे.

मिलेटसचा युबुलिडीस नावाचा एक तत्त्वज्ञ ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात होऊन गेला. त्याने विचारले, की एक दाणा म्हणजे रास नव्हे, दोन म्हणजेही नव्हे, आणि एक दाणा वाढल्याने रास नसलेली गोष्ट रास होत नाही, तर मग रास होते कधी? ग्रीकमध्ये ‘सोरोस’ म्हणजे ढीग, म्हणून या कोड्याला सोराइटीस म्हणतात आणि तत्त्वज्ञ अजून त्यावर भांडतात. मंडईतल्या बाईला ते पडत नाही. पाच लिंबांचा वाटा. मी घासाघीस केली की ती सहावे टाकते, आणि वाटा वाटाच राहतो. माझे त्या आठवड्यात उलटे झाले. थप्प्या लावून झाल्यावर रोज रात्री सगळे झोपले की मी त्यातून एखादे पुस्तक हळूच काढून नव्या घरी न्यायच्या पिशवीत ठेवत होतो. एक काढल्याने थप्पी थप्पी राहणे थांबत नाही आणि एक घातल्याने पिशवीची रद्दी होत नाही, असा माझा युक्तिवाद होता. शुक्रवारी पिशवीचा बंद तुटला. "अहो, भाड्याच्या जागेत माळा नाहीये," एवढेच बायको म्हणाली, आणि तिने दुसरी, जास्त मजबूत पिशवी काढून दिली.

रविवारी सकाळी रद्दीवाला आला. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून सात थप्प्या उभ्या होत्या, कडेला कड जुळवलेल्या, मासिके वेगळी, पाठ्यपुस्तके वेगळी. तो खूश झाला. सुतळी काढून त्याने भराभर गठ्ठे बांधले, आकड्याचा काटा हातात धरला आणि पहिला गठ्ठा उचलला. तो पंचवीस वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा होता. गठ्ठा काट्याला लागून हलला तसे माझ्या तोंडून निघून गेले, "लाभ."

त्याने काट्यावरचा आकडा पाहता पाहता मान वर केली. "काय काका?"

"काही नाही," मी म्हणालो. "एक."